बुधवारची भगर

"मंगळवार का बुधवार?" पप्पूनं पत्र्याकडं बघत स्वतःलाच विचारलं. बोटांतला खडू एव्हाना चिमूटभर उरला होता.

न्हावऱ्याच्या फाट्यावरच्या त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात सकाळपासून एक ठिणगी उडाली नव्हती. गेटासाठी आणलेल्या पत्र्यावर त्यानं चौकटी आखल्या होत्या. उभे चार दिवस, आडव्या चार पंगती, खाली चार जागा. जुळलं तिथं बरोबरची खूण, न जुळलं तिथं फुली. फुल्यांनी पत्रा पांढरा झाला होता.

कोडं धाडलं होतं मोनालीनं. ती रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला. तिथल्या कुणा इंजिनिअरनं परदेशातून हे खूळ आणलं होतं: रानात डबा लपवायचा आणि ज्याला कोडं सुटेल त्यानं जाऊन शोधायचा. आठवड्यापूर्वी पप्पू आणि त्याच्या घरचे तिला बघून आले. हो नाही, नाही नाही, पोस्टानं आला तो हा कागद. मोनालीचं आजोळ याच गावचं, म्हणून कोडंही गावच्या गेल्या सालच्या सप्ताहाचं. कुठल्या दिवशी कुठली पंगत, कुठल्या दिवसाला कुठली जागा. भगरीच्या दिवसाची जी जागा, तिथं डबा. खाली ठसठशीत अक्षरात: 'रविवारी दिवस मावळायच्या आत सापडला, तर लग्न.'

आज रविवार होता. साडेपाच वाजले होते.

कागदावरच्या सगळ्या सूचना वापरून संपल्या, तरी भगर मंगळवारीही बसत होती आणि बुधवारीही. मंगळवारची जागा शिरूरच्या वाटेवरची पडकी विहीर. बुधवारची, पारगावच्या पुलाअलीकडं भीमेकाठची चिंच. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडं जायला उजेड पुरणार नव्हता.

"लगीन करायचंय का तलाठ्याची परीक्षा द्यायचीय?" बाकड्यावरून मारुतराव म्हणाले. पोराची ही तऱ्हा बघून बाप सकाळपासून हसत होता.

"आबा, गप बसा की वाईच!"

झुंबरबाई चहा घेऊन आली. पप्पूची आई मुळात कमी बोलायची. मोनालीच्या घरी तर तिनं तोंडच उघडलं नव्हतं. आल्या वाटेनं निघाली होती, ती पत्र्यापाशी थबकली.

"कशाचं आडलंय?"

"भगर मंगळवारी का बुधवारी, त्याचं."

"बुधवारी. एकादस हुती ना रं. कीर्तनाचं बुवा दिसभर निरंकार उपाशी, आन् तरी दोन घंटं असं नाचलं, असं नाचलं, की मांडवाचा खांब हलत व्हता! मग फराळाला भगर."

पप्पू बघतच राहिला. सप्ताहाला तो जायचा फक्त काल्याच्या दिवशी, तेही जेवायला.

"आये, नक्की?"

"माझं घरचं काम चुकंल, एकादस चुकायची न्हाई."

पप्पूनं खडू फेकला, किक मारली. मागची सीट दबली म्हणून वळून बघितलं, तर झुंबरबाई पदर खोचून बसलेली.

"तू कुठं?"

"चुकलं तर शिव्या कुणाला देशील? चल, बडव गाडी!"

मारुतरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. बायकोचा एवढा मोठा आवाज त्यांनी कीर्तनाबाहेर कधी ऐकला नव्हता.

गाडी उसाच्या मधून सुसाट निघाली. खड्डा आला की मागून "विठ्ठल!" आणि वळण आलं की "पांडुरंग, पांडुरंग!" एक बैलगाडी मागं पडली, तेव्हा तर बाई चक्क हसली.

"हळू घिऊ का?" पप्पू ओरडला.

"हळू कशाला? पोरगी हातची जाईल. गुणाची पोर हाय!"

"मग तवा तिच्या म्होरं मुकी का बसली?"

"एवढी चांगली पोर बघून जीभच उचलंना. म्हटलं, आपण काय बोलावं आन् ठरतंय ते मोडावं!"

पारगावचा पूल दिसला. पप्पूनं गाडी उभी केली न केली, झुंबरबाई वहाणा हातात घेऊन उतारावरून पळत सुटली. चिंचेच्या ढोलीत तिनंच आधी हात घातला.

"हाय! हाय रं पप्या, गावला!"

मायलेकरांनी तिथंच फुगडी घातली. भीमेवर ऊन अजून चांगलं हातभर होतं. पलीकडच्या काठावरचा गुराखी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

डब्यात एक चिठ्ठी होती. पप्पूनं हात पुसून ती उलगडली आणि त्याचं हसू थांबलं. चिठ्ठी त्याला नव्हती. त्यानं आईला खाली बसवलं आणि मोठ्यानं वाचली.

"आई, एकादशीची सूचना मी मुद्दाम लिहिली नाही. आजोळी ऐकलं होतं, तुमची एकादशी चुकत नाही; तुम्ही सांगितलं तरच डबा सापडणार होता. मुलगा मला त्याच दिवशी पसंत पडला होता. मी तुम्हाला पसंत आहे का, तेवढंच कळायचं राहिलं होतं."