डावा हात

पिरंगुटच्या दुकानात गेणबा हटून बसला होता. त्याला कमोडची सीट हवी होती, पण समोरून कापलेली, घोड्याच्या नालासारखी. बायकोच्या, तुळजाबाईच्या हाताला प्लास्टर घालायला गेले, तेव्हा दवाखान्यात त्याने तसली पाहिली होती.

दुकानदार दयानंदने दोनदा समजावलं. ही ऑफिसातली, दवाखान्यातली. तिथे रोज परकी माणसं बसणार. कुणाचं अंग सीटला नको तिथं लागू नये आणि बसल्या बसल्या पुढून हात घालून धुता यावं, म्हणून ती मोकळी ठेवतात. घरात सगळी आपलीच माणसं, म्हणून घरची सीट पुरी गोल.

"आजवर ही कुणी घराला नेली न्हाई, बाबा."

"मग मी न्हेतो," गेणबा म्हणाला, आणि सीट गोणपाटात गुंडाळून त्याने आपल्या गावाची, रिह्याची वाट धरली.

तुळजाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. गेल्या आठवड्यात गोठ्यात पाय घसरला आणि तिचा डावा हात मोडला. बघायला येणारा जो तो तिला नशीबवान म्हणून गेला. उजवा शाबूत आहे, जेवता तरी येतं. डाव्याचं काम काय असतं, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जेवायच्या हाताने ती धुणार नव्हती, मेली तरी नाही. नुसता पाण्याचा फवारा मारून पाहिला, तर प्लास्टर तेवढं भिजलं. सून शुभांगी बिचारी मनापासून म्हणाली, की आत्या, मी धुते. पण सुनेपुढे तसं बसायचं या विचारानेच तुळजाबाईने खाणंपिणं आखडलं. चतकोर भाकरी आणि दोन घोट चहा. एरवी पातेलं खाली उतरायच्या आत कप पुढे करणारी बाई, आता ओठ सुकले तरी नको म्हणायची. बघून गेणबाचा जीव तुटायचा.

गोणपाट सोडलं तशी शुभांगीने कपाळाला हात लावला. मामा, पाहुणे आले तर काय म्हणतील, पैसे देऊन तुटकी आणली म्हणतील. गेणबाने न ऐकल्यासारखं केलं. पान्हा घेऊन तो संडासात शिरला आणि गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसला.

जुनी सीट निघाली, नवी बसत आली, तेव्हा तुळजाबाई दारात येऊन उभी राहिली.

"आपल्या घरात ही दवाखान्यातली, परक्यांची सीट कशाला?"

गेणबा नट आवळत होता. मान वर न करताच म्हणाला, "पुढनं माझा हात जाया पायजे."

तिला उमगायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर तोंडाशी नेला. बाहेर शुभांगी ऐकत नाही ना, ते वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुमी धुणार?"

"तुझा डावा मोडलाय. माझा हाय की."

"काय बाई तरी." ती रागावल्यासारखी म्हणाली, पण जागची हलली नाही. "कुणाला कळलं म्हंजी?"

"दार लावू."

त्याने सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. घट्ट बसली होती. भिंतीला धरून तो उठू लागला, तसा तुळजाबाईने आपला चांगला हात पुढे केला. तो धरून गेणबा उभा राहिला.

हातपाय धुऊन तो पडवीत आला, तोवर शुभांगीने चहा आणला होता. तुळजाबाईने कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग तो सुनेपुढे धरला.

"अजून हाय का गं?"