रविवारची पाळी

"पुन्हा बाहेर पडलेत," पडद्यावरची नजर न काढता फ्राउके म्हणाली.

विषाणूचे कण बाहेर पडायला नको होते. ओठांवर फोड उठवणारा हा विषाणू आपले नवे कण पेशीच्या केंद्रकात जुळवतो. मग त्याची दोन प्रथिनं केंद्रकाचं आवरण वाकवून त्यांना वाट करून देतात. त्यातल्या एकाचं जनुक फ्राउकेने काढून टाकलं होतं. कण आत अडकलेले नीट दिसले की प्रकल्प संपला, आणि ती पार पश्चिमेला, लेअर गावी, आजीपाशी राहणाऱ्या लेकीकडे, इमकेकडे जायला मोकळी. इमकेची शाळा सुरू होणार होती. पहिल्या दिवशी हातात द्यायचा खाऊचा कागदी शंकू, तिथला रिवाजच तो, फ्राउकेने केव्हाच आणून ठेवला होता.

प्रोफेसर हार्म्सना तर तिच्याहून घाई. "आणखी एकदा कर आणि जा बाई एकदाची," ते म्हणाले. "हा शेवटचा प्रकल्प संपून प्रयोगशाळेला कुलूप लागलं की मीही सुटलो. हौसेने बोट घेतलीय, ती बंदरात नुसती कुजतेय."

तिने पुन्हा केलं. कण पुन्हा बाहेर. मुक्काम वाढला. इमके आजीचं बोट धरून शाळेत गेली, शंकू टपालाने गेला. फ्राउके इतकी दमली होती की तिला रडूही येईना.

एका सोमवारी तिने विषाणू न घालताच पेशी, फक्त त्या काढलेल्या प्रथिनाला चिकटणाऱ्या रंगाने, रंगवून पाहिल्या. प्रत्येक केंद्रकाभोवती कडं चमकत होतं. काढून टाकलेलं प्रथिन पेशी स्वतःच बनवत होत्या. अशा मदतनीस पेशी तिने फक्त त्या पांगळ्या विषाणूची पैदास करायला ठेवल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना त्या साध्या पेशींसारख्याच दिसतात. कुणीतरी तिच्या बाटल्यांत त्या भरल्या होत्या.

रविवारी ती येत नसे. पेशींना खाऊ घालायची ती पाळी ट्यार्कची. हाच सहकारी रोज जेवताना म्हणायचा, जाऊ नकोस, मग मी भांडू कुणाशी?

तिने त्याला पेशीघरातच गाठलं. "माझ्या लेकीचा शाळेचा पहिला दिवस गेला, ट्यार्क. थट्टा होती का ही?"

"कसली थट्टा?" त्याने विचारलं. तेवढ्यात प्रोफेसर दारातून डोकावले.

"फ्राउके, किती दमलीस गं. रविवारी झोप काढ. ट्यार्क, तूही येऊ नकोस. पेशींचं मी बघतो, इतके रविवार तुझ्याऐवजी मीच बघतोय ना? आणि बोटीचं म्हणशील, तर तुम्ही सगळे गेल्यावर एकटा माणूस बोट घेऊन जाणार कुठे?"