शिळेवरचं तिसरं नाव

"बाबा, धोतर काढून ठेवलंय. सत्काराची गाडी येईल आता," भावना म्हणाली.

राघो भोईर खाटेवर बसला होता, तो हलला नाही. सुनेची सकाळपासून नुसती धांदल चाललेली आणि हा आपला मख्ख.

लढाईच्या काळात कोपरीच्या मिठागरात एक बॉम्बफेकी विमान कोसळलं होतं. त्याच्या स्मारकासाठी ऐंशी वर्षं कुणाला सवड झाली नाही, ती आता झाली. शिळेवर दोन नावं विमानातल्यांची. एक पायलट आणि दुसरा मागे बंदूक धरून बसणारा, दिगंबर नावाचा मराठी पोरगा. त्याखाली तिसरं नाव, चांगो भोईर. राघोचा बाप, म्हणून आज अनावरणाला राघोचा सत्कार.

चांगोची गोष्ट कोपरीला तोंडपाठ होती. त्या दिवशी मिठागरात तो एकटाच होता. विमान पेटत खाली आलं, हा धावला, आगीत हात घातला. पण आतल्या दोघांचा कोळसा झालेला, असं त्यानेच गावाला सांगितलं. एवढ्या आगीत चांगोच्या बोटाला साधा फोड आला नाही, देवमाणूसच तो, असं म्हातारे अजून सांगत. पुढे त्याने मिठागर कायमचं सोडलं. सर्वपित्रीला मात्र खाडीच्या बांधावर एक पान वेगळं ठेवायचा आणि कावळा शिवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. परक्यासाठी एवढं कोण करतं, सांगा.

राघोला ठाऊक होतं. ज्याचं मन खातं, तो करतो.

"भावना, मी नाय जात. आबाचं नाव काढा म्हनावं शिलेवरून."

"अहो बाबा, अख्खं गाव जमलंय तिकडे. मोठ्या आजोबांची लाज काढणार का आज?"

"लाज वाटते म्हनूनच सांगतंय."

तेवढ्यात दारात क्षिप्राबाई आल्या. डोंबिवलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. विमानातला दिगंबर त्यांचा सख्खा मामा. कार्यक्रमाआधी चांगोच्या मुलाला भेटावं म्हणून आडवाट करून आलेल्या. आल्या त्या थेट राघोच्या पाया पडायला वाकल्या. राघोने पाय आखडून घेतले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाया नका परू बाय. बसा जरा."

त्याने खाटेखालची पेटी ओढली. तळातून एक लुगडं काढून क्षिप्राबाईंच्या मांडीवर ठेवलं. पांढरं, मऊसूत, हळदीने जागोजागी पिवळं पडलेलं.

"ह्ये माज्या आयेचं लग्नातलं लुगरं. गंगुबाय नाव तिचं. लढाईत कापर मिलत नव्हतं. लगीन ठरलेलं आन् नवरीला नेसायला नाय. आबानी विमानातनं पॅराशूट काढली, मागच्या बंदूकवाल्याची, म्हंजे तुमच्या मामाची. तिचंच ह्ये शिवलं. आये मरताना सांगून गेली मना. माज्या बापानी मेलेल्या मानसाला लुटला, बाय. त्याचं नाव तुमच्या मामाच्या खाली नको."

भावना तोंडाला पदर लावून उभी राहिली. राघोची मान वर होईना. ही बाई आता तोंडावर थुंकेल, आणि थुंकावंच तिने, असं त्याला वाटलं.

क्षिप्राबाईंनी चष्मा लावला, लुगडं उलगडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. मग दारात नेऊन उजेडात धरलं.

"राघोदादा, हे कुठेच जळलेलं नाही हो. साधा चटकाही नाही."

"नाय. आयेनी लई जपलं."

"तसं नाही. पॅराशूट माणसाच्या अंगाला बांधलेली असते. मामा आत जळला असता, तर ही कशी उरली असती?"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहरा असा उजळला होता की भावना बघतच राहिली. "माझी आजी मरेपर्यंत रडत होती, लेकरू भाजून गेलं म्हणून. तो जळलाच नाही. त्याने उडी मारली. जिवंत उतरला तो खाली."

राघोने मान वर केली. जिवंत उतरला, तर मग मेला कसा? मिठागरात त्या दिवशी आबा एकटाच होता.

क्षिप्राबाई त्याच्याजवळ येऊन बसल्या. त्याचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

"सांगा ना दादा," त्या म्हणाल्या, "मामा तुमच्या वडिलांना काय म्हणाला?"