चार नंबरची खोली

नेटवर सगळं फुकट दिसायला लागलं, पैसे मोजून बघणारे आटले आणि कोस्तेलचा बुखारेस्टमधला स्टुडिओ बसला. तिथे कॅमेऱ्यासमोर सात वर्षं कपडे उतरवणाऱ्या रोदिकाने आपलीच चार नंबरची खोली भाड्याने घेतली, गुलाबी पलंग काढून बाकं मांडली आणि परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून पक्कं झालेल्या इंग्रजीची शिकवणी सुरू केली.

आज वही घेऊन कोस्तेलच दारात उभा. "आयर्लंडला नोकरी बघतोय. मला शिकवाल का, बाई?"

"नेटवर फुकट शिकवतात की."

"बघितलं. तिथे समोर माणूस नसतो."

सात वर्षं 'ए चार नंबर' अशी हाक मारणाऱ्या त्या माणसाकडे रोदिकाने नीट पाहिलं.

"बसा. पहिला धडा. समोरच्याला नाव विचारायचं."