वशिंड

डॉक्टरीणबाईंनी स्पिरिटच्या बोळ्यानं लेकराच्या पाठीवरची विभूती पुसली. थरावर थर होते. ते निघाले तशी मानेखालची गाठ उघडी पडली. ताणलेली, तुकतुकीत, मोसंबीएवढी.

"कुणी फासलं हे?"

"गावानं," लेकराचा बाप विरूपाक्ष म्हणाला.

देवणीकडच्या त्याच्या गावानं ठरवूनच टाकलं होतं. पोरगं पाठीवर वशिंड घेऊन जन्मलं, म्हणजे नंदी, बसवण्णाच आला. दोन वर्षं पाऊस नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते. बसवण्णाच्या वशिंडात पाऊस हाय, हात लावला की पडंल, असं कुणीतरी म्हणालं आणि अंगणात रांग लागली. आज विरूपाक्ष लेकरू घेऊन नव्या जिल्ह्याच्या दवाखान्याला निघाला, तर त्याच एस.टी.नं अर्धं गाव लातूरला आलं. आता ते बाहेर व्हरांड्यात नारळ घेऊन बसलं होतं.

आत विरूपाक्षाची सासू, सिद्धम्मा, लेकराला मांडीवर पालथं धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी खिडकी लावून घेतली. अंधारात बॅटरी गाठीला टेकवली. उजेडानं त्यांच्या बोटांच्या कडा लाल झाल्या, गाठ मात्र काळीच राहिली.

"आत पाणी असतं तर उजळली असती. भरीव आहे." त्यांनी खिडकी उघडली. "एवढ्या लहान लेकराला अशी गाठ क्वचितच होते. मीही पुस्तकातच पाहिली आहे. जागा बधिर करून बारीक तुकडा काढते, औरंगाबादला पाठवते. तिथं तपासतील, मग कळेल साधी आहे की वाईट."

"वाईट निघाली तर?"

"वेळेत कळलं तर इलाज करता येतो. वाट बघत बसलात तर मी काही सांगू शकत नाही."

"काढा," विरूपाक्ष म्हणाला.

सिद्धम्मानं लेकरू छातीशी ओढलं. "देवाला सुई लावता? माझी लेक गेली त्याच दिवशी हा आला. लेक देऊन देव घेतलाय मी, जावईबापू. हात लावू देणार न्हाई."

विरूपाक्ष तिच्यापुढं उकिडवा बसला.

"आत्या, तुमच्या गोठ्यात गाई लई याल्या. एक तरी वासरू असलं वशिंड घेऊन जन्मलं का?"

सिद्धम्मानं लेकराच्या पाठीवर पदर ओढला.

"वासराची पाठ सपाट असती. वशिंड मागून भरतंय, अंगात जोर आला की. ह्याला अजून बसता येईना, अन् हे वाढायलंय. दिवाळीला लिंबाएवढं होतं."

"देवाचं कुणी सांगावं?"

"मला तर न्हाई सांगता येत. म्हणून इथं इचारायला आलोय."

लेकरानं झोपेत ओठ हलवले, खालचा ओठ दुमडून आत घेतला. तिची लेकही लहानपणी झोपेत असाच ओठ दुमडायची. सिद्धम्मा त्या ओठाकडं बघत राहिली. बघता बघता तिचे हात सैल झाले. "मान धर नीट," एवढंच शेजारी उभ्या नर्सला म्हणून तिनं लेकरू दिलं, पदर तोंडाला लावला आणि दार ढकलून बाहेर गेली.

विरूपाक्षानं लेकराचे पाय धरले. पहिली सुई टोचली तशी किंकाळी फुटली. पाय लाथा मारायला लागले. त्यानं पकड ढिली केली नाही.

बाहेरून नागप्पाचा आवाज आला. गावात त्याचाच मान मोठा होता. "सिद्धम्मा, बसवण्णाला काय करायलेत गं आत?"

"कसला बसवण्णा, मेल्या!" सिद्धम्मा ओरडली. "माझ्या कमलम्माचं लेकरू हाय ते. रडायलंय, ऐकू येईना का तुला?"