हातभर बांध

लाँच सुंदरबनात शिरली आणि भरतच्या मोबाइलची रेंज गेली. गेली ती नेमकी गावाकडून बोलणाऱ्या सोपानचं वाक्य अर्ध्यावर असताना. "आण्णा, अमृतच्या वावरात टॅक्टर आलाय, आन त्यो—" एवढंच ऐकू आलं. पुढं नुसती खरखर.

"त्यो काय? आरं, त्यो काय?" भगवंतराव ओरडले. मग त्यांनी मोबाइल झटकून पाहिला, उंच धरून पाहिला आणि शेवटी मुलाच्या हातात आदळला.

"आता परवा दुपारपर्यंत रेंज नाय, आण्णा," भरत म्हणाला. "तवर वाघ बघा."

वाघाचं कौतुक महाळुंगे पडवळच्या माणसाला काय सांगायचं! तिथं उसाच्या सरीत बिबट्या पिलं घालतो. सून आणि नात पुढच्या टोकाला दुर्बीण लावून बसल्या होत्या. भगवंतरावांच्या डोळ्यांपुढं मात्र बांध होता. त्यांचं वावर आणि धाकट्या भावाचं, अमृतचं वावर, यांच्यामधला. तीन वर्षांपूर्वी नांगरटीत अमृतने तो हातभर कोरला, असं भगवंतराव म्हणत. कोरला नाही, असं अमृत म्हणे. आणि आता आठ दिवस मालक गावात नाही आणि वावरात ट्रॅक्टर.

निघताना हाच अमृत एस्टीपर्यंत आला होता. "बिनघोर जावा आण्णा, तुमच्या गाया मी बघतो," म्हणाला होता. तीन वर्षं जो माणूस एक शब्द बोलत नव्हता, तो एकदम एवढा गोड? कुठंतरी पाणी मुरत होतं, हे भगवंतरावांनी तेव्हाच ओळखलं होतं. कलकत्त्यात राणीच्या संगमरवरी महालापुढं सगळे फोटो काढत होते, तेव्हा हे हिरवळ पावलांनी मोजत होते. हावड्याच्या पुलावरून माणसांचा पूर वाहत होता, आणि हे कठड्याला टेकून सोपानला तिसरा फोन लावत होते.

"सख्खा भाऊ हाय तुमचा," बायको सरूबाई म्हणाली. "वैरी न्हाई."

"सख्खा हाय म्हणूनच. परक्याला काय घेणंदेणं आमच्या बांधाचं?"

तिनं कपाळाला हात लावला. हातभर जमीन गेली म्हणून कुणी उपाशी मरणार नव्हतं. मात्र या खेपेला बांध कोरलेला दिसला, तर या जन्मात अमृतचं तोंड बघायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि ठरवल्यापासून घास गिळवत नव्हता.

खाडी अरुंद झाली. दोन्ही काठांना चिखलातून वर आलेली मुळं, खुंट्या ठोकल्यासारखी. बघता बघता काठाचा बैलगाडीएवढा तुकडा सुटला आणि पाण्यात बसला. भगवंतराव ताडकन उभे राहिले.

"हे कोन कोरतंय?"

लाँचवरचा वाटाड्या निताई जवळ आला. बंगाली माणूस, हिंदी मोडकंतोडकं. शब्द नाही तरी बोटाचा रोख त्याला कळला होता.

"नदी खाता है, बाबू. रोज खाता है." त्यानं पुढच्या मोकळ्या पाण्याकडे हात केला. "हमारा जमीन उधर था. धान होता था. नारियल का पेड़ था."

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. नुसतं पाणी. पेंढ्याने भरलेली एक होडी त्यावरून सावकाश चालली होती.

"अगं बाई!" सरूबाईने तोंडाला पदर लावला. "समदी गेली?"

"सब. हमारा भी, भाई का भी." निताई म्हणाला. "बांध का झगड़ा था भाई से. ग्यारह साल से कोर्ट में है. जमीन गया, केस नहीं गया. अगला महीना तारीख है."

भरतला हसू फुटलं, पण निताईचा चेहरा पाहून त्यानं ते आवरलं. सरूबाईने नवऱ्याला कोपर मारलं.

"ऐका. कान उघडे ठिवून ऐका."

भगवंतराव ऐकतच होते. साऱ्या सहलीत त्यांनी कुणाचं एवढं मन लावून ऐकलं नव्हतं. ती होडी दिसेनाशी होईपर्यंत ते पाण्याकडे बघत राहिले. भावाची आठवण आली असावी. डोळ्यांच्या कडा ओलावल्या होत्या. सरूबाईला देव पावल्यासारखं झालं. ती त्यांच्या खांद्याला टेकून बसली.

मग भगवंतरावांनी घसा खाकरला आणि निताईकडे झुकून आवाज खाली आणला.

"पयले बांध किसने तोडा?"

निताईने क्षणाचाही विचार केला नाही. त्यानं बोट वर केलं, थेट लाँचचं सुकाणू धरून बसलेल्या माणसाकडे. तेच नाक, तेच कपाळ. तो माणूस समोरच्या पाण्यावरची नजर काढत नव्हता.

"उसने."

"कितना?"

निताईने डाव्या हाताच्या कोपराला उजवा तळवा लावला आणि डाव्या हाताची बोटं ताणून सरळ केली. "इतना. पूरा एक हाथ."

भगवंतरावांनी मोठा सुस्कारा सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवळला. ते बाकावर थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा पावणं," ते म्हणाले. "आमचाबी तेवढाच खाल्लाय."