सगळ्यांत मऊ सीट

लांबच्या प्रवासासाठी सायकलची सीट घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते, "मऊच्या नादी लागू नका. पन्नास किलोमीटरनंतर तीच बूड सोलून काढते."

आज माझे जुने साहेब दुकानात आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांच्या शोरूममध्ये कामाला होते तेव्हा मला सातवा महिना होता, पाय सुजले होते. काउंटरमागे बसायला मी एक स्टूल मागितलं, तर म्हणाले होते, "उभं राहायची सवय होते."

त्यांनी सगळ्यांत जाड सीटमध्ये अंगठा रुतवून पाहिला. "उद्या दोनशे किलोमीटर जायचंय. ही चालेल ना?"

"चालेल की!" मी स्वतःच्या हाताने ती घट्ट बसवून दिली.

"आणि दुखलंच तर?"

"तर उभ्याने चालवा, साहेब. सवय होते."